बागला हाक

नबीसाब मुलाणीच्या घरी चूल होती ती अंगणात, लिंबाखाली, तीन दगडांची, चारी बाजूंनी उघडी. पावसाळ्यात मदिनाबी तिच्यावर पत्रा तोलून स्वयंपाक उरकायची, पण 'आत चूल घालून द्या' असं तिनं नवऱ्याला कधी म्हटलं नाही. शेजाऱ्यांचा पाणी तापवायचा बंब पेटला की नबीसाब त्या बोळानं जायचं टाळायचा आणि मशिदीला लांबच्या वळशानं पोचायचा. बेकरीच्या भट्टीचं दार उघडताना दिसलं की त्याचा हात आपसूक तोंडावर जायचा. गल्लीतली माणसं त्याला भित्रा म्हणत नसत. हा माणूस एकेकाळी काय काम करत होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तो सोलापुरातल्या एका गिरणीत बायलरवर फायरमन होता. त्याचा जोडीदार वीरभद्रप्पा अक्कलकोटकडचा, गळ्यात लिंग, अंगानं दांडगा आणि आवाजानं मऊ. दोघांची पाळी एक. वीरभद्रप्पा नबीसाबच्या डब्यातलं खात नसे, पण त्याच्या हातचा चहा प्यायचा आणि त्यात गूळ जास्त टाकायला लावायचा. नबीसाबशी तो मराठीत बोलायचा. भट्टीशी मात्र कानडीत. आग मंद झाली की तिला रागवायचा, चांगली धरली की चुचकारायचा. नबीसाब हसून म्हणायचा, "तुझी दुसरी बायको काय म्हनती रं?" कानडी त्याला 'बा', 'होगु' आणि 'ऊटा', म्हणजे ये, जा आणि जेवण, एवढीच येत होती. तेवढ्यावर त्याचं काही अडलं नव्हतं.

एका सकाळी वीरभद्रप्पा लांब दांड्याच्या आकड्यानं निखारे ओढत होता. भट्टीचं दार उघडं होतं. आत पाण्याची नळी फुटली आणि वाफ, राख, निखारे असं सगळं त्या दारातून उलटं बाहेर आलं. नबीसाब कोळशाच्या ढिगामागं होता म्हणून वाचला. पांढऱ्या वाफेत त्याला काही दिसत नव्हतं. तो खाली बसून सरपटत पुढं गेला तेव्हा वीरभद्रप्पाचा पाय हाताला लागला. वीरभद्रप्पा जिवंत होता. त्याचे ओठ हलत होते. नबीसाबनं कान जवळ नेला.

"बागला हाक," वीरभद्रप्पा म्हणाला. मग पुन्हा, जरा जोरानं, "बागला हाक!"

गिरणीत बागल नावाचा फिटर होता. नबीसाबला वाटलं, बागलला हाक मार म्हणतोय. तो उठला आणि "बागल! बागल!" असं ओरडत फिटरखात्याकडं धावत सुटला. बागल रजेवर होता, त्याच्या गावी, केमला. नबीसाब धापा टाकत परत आला तोवर लोकांनी वीरभद्रप्पाला ओढून बाहेर आणलं होतं. तो गेला होता.

शेवटी काही बोलला का, असं साहेबानं विचारलं, पोलिसांनी विचारलं, वीरभद्रप्पाच्या बायकोनं, गंगम्मानंही विचारलं. नबीसाब सगळ्यांना 'न्हाय' म्हणाला. मरताना माणसाला बायको आठवली नाही, लेकरं आठवली नाहीत, एक परका फिटर आठवला, हे त्या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यानं ते पोटात ठेवलं, आणि पोटात ठेवलेलं काही गप्प बसेना. दिवेलागणीला, नमाजाआधी वजू करताना, पाठीमागून कानाशी कुणीतरी श्वास घेऊन म्हणायचं, बागला हाक. नबीसाब वळून बघायचा. मागं लिंबाचं झाड असायचं.

बायलरचं काम त्यानं सोडलं आणि एका सुताच्या गोदामावर पहारेकरी म्हणून राहिला. त्यानंतर एकदा पॅसेंजर गाडीनं तो केमलाही जाऊन आला. दगडू बागल गिरणी सोडून शेतीला लागला होता. नबीसाबनं त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुज्यापाशी त्येचं काय काम हुतं?"

बागलनं हातातलं खुरपं खाली ठेवलं. "मी त्येला वळकतबी न्हवतो नीट," तो म्हणाला. "मला कशाला बोलावलं आसंल?" बोलता बोलता त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. नबीसाब आला तसा परत गेला. आपल्या मानगुटीवरचं आपण आणखी एकाच्या मानगुटीवर बसवून आलो, हे त्याला गाडीत कळलं.

अशी दहा-बारा वर्षं गेली.

मग पंच्याहत्तर सालच्या हिवाळ्यात त्याची लेक सरदारबी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचा नवरा हाशम अकलूजला साखर कारखान्याच्या उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. तो तिला सोडायला आला आणि बकरीदपर्यंत राहिला. सरदारबीला अन्न जात नव्हतं. आईनं काय काय रांधलं, तिनं सगळं बाजूला सारलं. शेवटी एका संध्याकाळी ती लाजत म्हणाली, "अब्बा, तितं अकलूजला एक ड्रायव्हर लोकांचं हाटेल हाय. ते धुरावर गोश्त करत्यात. त्येच खावंसं वाटतंया."

"धुरावर म्हंजी?" मदिनाबीनं विचारलं.

हाशम रंगात येऊन सासऱ्याला सांगू लागला. "मामू, तेलाचं मोकळं पिंप असतंय. खाली बाभळीचं निखारं. मदी जाळी. वरनं गोश्त लटकवायचं आन् झाकण लावायचं. आगीवर न्हाय शिजवायचं, धुरावर. दुपार जाती, पन हाडापासनं सुटून येतंय बगा."

नबीसाबची नजर अंगणातल्या उघड्या चुलीकडं गेली. पण लेक पोटुशी होती आणि तिनं जन्मात बापाकडं फार काही मागितलं नव्हतं. "ईदीला करू," तो म्हणाला. मदिनाबीनं चमकून नवऱ्याकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको बाजारात गेले. आधी पत्रेवाल्याकडं. त्याच्याकडं लांबट शेगड्या होत्या, चार पायांच्या, वरून उघड्या, सळयांवर कबाब भाजायच्या. नबीसाबला त्यातली एक बघताक्षणी आवडली. निखारे सगळे डोळ्यांसमोर. लपायला आगीला जागा नाही.

"हीच घिऊ," तो म्हणाला.

"अवो, ही कबाबाची. धूर हितं थांबायचा कसा?" मदिनाबी म्हणाली. "सगळा वर जाईल की."

पत्रेवाल्यानंही मान डोलवली. "भाजायला झ्याक हाय. धुरावर करायचं आसंल तर झाकणाचं बगा. पत्राबी हिचा पातळ हाय, रोजच्या आगीनं वाकडा होतो. खोटं कशाला सांगू?"

मग कुंभाराकडं. तिथं मातीची उभी भट्टी होती, रांजणासारखी, वर तोंड, खाली वाऱ्यासाठी भोक. माती ऊब धरते, कोळसा कमी लागतो, गोश्त करपत नाही, असं कुंभारीण सांगत होती. नबीसाबनं भट्टीच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि पटकन मान बाहेर काढली. आत अंधार होता.

"हिला तडा जाईल," तो म्हणाला.

"चांगली भाजलीया भाऊ. कशी जाईल तडा?"

"आतून दाब आला की जाईल."

"दाब कसला? हिला तोंड हाय की उगडं!"

मदिनाबीनं कुंभारणीला डोळ्यांनी खुणावलं आणि नवऱ्याच्या सदऱ्याची बाही धरून त्याला बाहेर आणलं. रस्त्यात ती म्हणाली, "राहू द्या. मी लेकीला समजावती. गोश्त शिजवून वरनं कोळशाची धुनी देती. वाटीत निखारा, त्येच्यावर तूप, वर ताट झाकलं की झालं."

"न्हाय," नबीसाब म्हणाला. "बोललोय तिला."

शेवटी ते बसलिंगप्पाच्या शेडवर गेले. हा माणूस हॉटेलवाल्यांना पिंपांच्या भट्ट्या करून देई. आडवी कापलेली, उभी, चिमणीची, बिनचिमणीची, अशी पिंपं अंगणभर पडली होती. मदिनाबीनं काय हवं ते सांगितलं. बसलिंगप्पा खूश झाला. "झाकणाची? आत्ताच एक तयार हाय, पेटवून दावतो. पयल्यांदा मोकळं पिंप चांगलं जाळून घ्यायचं, म्हंजी तेलाचा वास जातो. तेवडं मी केलंय. तुमी पिंप घेताना आत रंग न्हाय ना तेवडं बगा. रंगाचा धूर पोटात जायला नगं."

त्याची बायको मायाक्का निखारे घेऊन आली. पिंपाच्या बुडाशी बिजागरीचं छोटं लोखंडी दार होतं, त्यातून तिनं निखारे आत ढकलले आणि वर ओली बाभळ टाकली. नबीसाब चार हात लांब उभा होता. वारा फिरला. त्या दारातून धुराचा लोट बाहेर आला तो सरळ त्याच्या तोंडावर. त्यानं दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले.

"ए, बागला हाक!" बसलिंगप्पा ओरडला.

आणि मायाक्कानं पायानं ते दार लावलं. कडी पडली. धूर आत गेला.

नबीसाब हात खाली घ्यायचं विसरला. मदिनाबीला वाटलं, धूर लागला. ती पदरानं त्याचं तोंड पुसायला गेली तर त्यानं तिला बाजूला सारलं.

"काय म्हनलास?" त्यानं बसलिंगप्पाला विचारलं.

"कुटं काय?"

"तिला. आत्ता. काय म्हनलास?"

"बागला हाक म्हनलो. दार लाव. आमच्या कानडीत बागला म्हंजी दार." बसलिंगप्पा हसला. "इतकी वर्सं सोलापुरात ऱ्हाऊन एवडंबी कळंना व्हय, भाऊ?"

नबीसाब तिथंच, त्या काळ्या मातीत, खाली बसला. मायाक्कानं पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढं ठेवला. गिरणीतल्या कुणालाही त्यानं हे शब्द सांगितले असते, तर कुणीही अर्थ सांगितला असता. निम्मं बायलरखातं कानडी बोलत होतं. पण अर्थ आपल्याला ठाऊकच आहे अशा समजात तो राहिला, आणि ठाऊक असलेलं कोण कुणाला विचारतं?

घरी आल्यावर त्यानं मदिनाबीला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "गंगम्माला सांगायला पायजे."

"कसं सांगू?"

"मला सांगितलं तसं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गंगम्माच्या घरी गेला. तिची लेकरं मोठी होऊन कामाला लागली होती. ती एकटीच ओट्यावर बसून कडक भाकऱ्यांची चवड कापडात बांधत होती. "या नबीभाऊ," ती म्हणाली. "लई दिसांनी वाट चुकलासा."

नबीसाब उंबऱ्याच्या अलीकडंच बसला. "वहिनी, मी तुमास्नी खोटं बोललो हुतो," तो म्हणाला. "वीरभद्रप्पा बोलला हुता. बागला हाक म्हनला. दोनदा. मला वाटलं, फिटर बागलला बोलवाया सांगतोय. मी त्येला सोडून पळालो. काल कळलं, दार लाव म्हनत हुता."

गंगम्माचे हात भाकऱ्यांवर थांबले. ती रडली नाही. तिनं विचारलं, "आवाज कसा हुता?"

"बारीक. दुसऱ्यांदा जरा मोटा."

"चिडल्यागत?"

नबीसाबनं आठवून पाहिलं. तो आवाज त्यानं इतक्या वेळा ऐकला होता, पण हा प्रश्न कधी स्वतःला विचारला नव्हता. "न्हाय. चिडल्यागत न्हाय."

"पाळीवरनं आले की हितं पडायचे," गंगम्मा दाराजवळच्या जागेकडं बघत म्हणाली. "दिसभर आगीसमोर, मग घरी आलं की थंडी वाजायची त्यांना. रोज म्हनायचे. बागला हाक, गाळी बरतैति. दार लाव, वारं येतंय. मी कामात आसले की दुसऱ्यांदा जरा मोट्यानं म्हनायचे."

बाहेर कुणाच्या तरी मागावरचा धोटा खटखटत होता.

"म्हंजी घरी हाय आसं वाटलं आसंल त्येला?" नबीसाबनं विचारलं.

"मला काय ठावं? तितं तुमी हुता."

"दार लावलं आसतं तर..."

"ते मला इचारू नका," गंगम्मा एकदम म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता. मग ती खाली बघत हळू बोलली, "तुमाला म्हनले का मला म्हनले, ते आता कोन सांगनार? मी मला म्हनले आसं धरती. तुमी तुमचं बगा."

तो उठला तेव्हा तिनं चार भाकऱ्या कापडात बांधून त्याच्या हातात दिल्या. लेकीसाठी, म्हणाली. पण पायरीपर्यंत पोचवायला ती आली नाही.

नबीसाब तिथून थेट बसलिंगप्पाच्या शेडवर गेला आणि झाकणाचं पिंप, जाळी आणि दारासकट, हातगाड्यावर घालून घरी घेऊन आला. मदिनाबीनं लिंबाखालची जागा झाडून दिली.

ईदीच्या दुपारी पिंप पेटलं. हाशमनं बाभळीचे ढलपे फोडले, मदिनाबीनं हळद, आलं-लसूण आणि दही लावून ठेवलेलं गोश्त आकड्यांना अडकवलं. झाकण बसलं. आता खालचं दार लावायचं होतं. दारातून निखारे दिसत होते, लालबुंद, आत पार लांबवर असल्यासारखे. नबीसाब त्यांच्यासमोर उकिडवा बसला. हाशम म्हणाला, "मामू, सरा, मी लावतो." नबीसाबनं हात वर करून त्याला थांबवलं.

त्याला वाटलं, आता पाठीमागून ऐकू येईल. त्यानं वाट पाहिली. घाम त्याच्या भुवयांवरून डोळ्यांत उतरला. निखारे तडतडले, धुराचा एक पट्टा बाहेर येऊन त्याच्या दाढीत शिरला. मागून कुणी काही बोललं नाही. आणि ते न बोलणंच त्याला सोसेना. इतकी वर्षं रोज सोबत करणारा तो आवाज आज, सांगितलेलं ऐकायला नबीसाब तयार असताना, आला नव्हता.

"लावतो रं," तो पुटपुटला. "लावतो."

त्यानं दार लावलं. तळहाताला चटका बसला तरी कडी पडेपर्यंत हात काढला नाही. मग तो नळाशी गेला आणि तिथं बराच वेळ हात पाण्याखाली धरून उभा राहिला. सरदारबी जवळ आली तेव्हा त्यानं तोंड फिरवलं.

संध्याकाळी सरदारबी पोटभर जेवली. त्या पहिल्या तुकड्यानंतर तिनं डोळे मिटले तसे मदिनाबीनंही मिटले, सुटकेनं. नबीसाबनं एक घास खाल्ला. धुराची चव चांगली होती. दुसरा त्याला घेववला नाही.

महिन्याभरात नातू झाला. हाशम अकलूजहून येऊन लेकराला बघून गेला. घर पुन्हा आपल्या वळणाला लागलं आणि नबीसाबला दिवेलागणीची शांतता खायला उठू लागली. पूर्वी तो आवाजाला भ्यायचा. आता वजूला बसला की कान देऊन बसायचा. एक दिवस मदिनाबी म्हणाली, "त्या केमच्या मानसाला कळवलं का?"

तो पॅसेंजरनं केमला उतरला तेव्हा दगडू बागल रानातच होता. हुरड्याचे दिवस होते. बागलनं बांधाकडंला आगटी लावली होती. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, वर ज्वारीची कणसं. त्याची बायको भाजलेली कणसं हातावर चोळत होती. बागल म्हातारा झाला होता. नबीसाबला त्यानं लांबूनच ओळखलं आणि तो उभा राहिला.

नबीसाबनं बसता बसताच सांगितलं. बागलनं हातातली काडी विस्तवात टाकली.

"म्हंजी मला बोलावलंच न्हवतं?"

"न्हाय."

"माजं नावबी घेतलं न्हवतं?"

"न्हाय, दगडूदा."

नबीसाबला वाटलं होतं, या माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. पण बागलचा चेहरा कुणीतरी हातातलं काढून घेतल्यासारखा झाला. त्याची बायकोच बोलली. "तुमी मागं येऊन गेलासा त्येच्या दुसऱ्या आवसंपास्नं ह्ये त्या वीरभद्रप्पाच्या नावानं घास ठिवत्यात. परत्येक आवसंला. घरात कोंबडी शिजलेली आसली तरी त्येला येगळी भाजी-भाकर करती मी. लिंगायत हुता म्हनलासा न्हवं?"

"मरतावक्ती मला बोलावलं, म्हंजी काय तरी ऱ्हायलं आसंल आपल्याकडं, आसं वाटायचं," बागल म्हणाला. "भ्या वाटायचं पयलं. मग सवं झाली. रानात एकटा आसलो की त्येच्याशी बोलायचोबी." तो कसनुसं हसला. "आता घास ठिवू का नगं?"

"मला कळत न्हाय," नबीसाब म्हणाला.

"ठिवायचा की," बागलची बायको म्हणाली. "इतकी वर्सं जेवलंया मानूस. मदीच बंद कसं करायचं?"

तिनं गरम हुरडा नबीसाबच्या ओंजळीत ओतला. तिघंही खात राहिले. उन्हं कलली होती, लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली. ती त्याची परतीची गाडी होती. नबीसाब उठायला लागला, तेव्हा बागलनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मला ह्ये तरी सांग," तो म्हणाला. "मानूस कसा हुता?"

नबीसाब थांबला. या सगळ्या वर्षांत त्याला त्या सकाळच्या पलीकडचा वीरभद्रप्पा आठवायची हिंमतच झाली नव्हती. "च्यात गूळ लई लागायचा त्येला," तो म्हणाला. "आन् भट्टीसंगं कानडीत भांडायचा." बागलच्या बायकोनं आणखी कणसं विस्तवावर टाकली. नबीसाब बोलत राहिला. गाडी स्टेशनात आली, थोडी थांबली आणि कुर्डुवाडीच्या दिशेनं निघून गेली.